मधमाशीपालनात उतरताना: पेटी विकत घेण्याआधीची कामे, आणि नंतरची

नव्याने मधमाशीपालन करणाऱ्यांचा क्रम बहुधा असा असतो: आधी पेट्या घ्यायच्या, मग माश्या आणायच्या, मग जागा शोधायची, मग शिकायचे, आणि मध निघाला की विचारायचे, ‘आता विकायचा कुणाला?’ हा क्रम उलटा केला तर पहिल्या वर्षीचे बरेच नुकसान टळते. खाली टप्पे साधारण त्या उलट्या क्रमाने दिले आहेत. मधला एखादा टप्पा कंटाळवाणा वाटेल, विशेषतः तिसरा. तोच टाळू नका.

टप्पा १. पैसा कशातून येणार ते आधी ठरवा

‘मधमाशीपालन’ या एका शब्दाखाली निदान सहा वेगवेगळी कामे येतात, आणि त्यांची तयारी सारखी नसते.

पहिले म्हणजे दुसऱ्याच्या मधुबनात (पेट्यांच्या तळावर) सहायक म्हणून काम. बहुतेक पगारी नोकऱ्या इथेच असतात आणि त्या हंगामी असतात. रात्री पेट्या गाडीत चढवणे, पोळे बांधायच्या लाकडी चौकटी साफ करणे, भरलेल्या घरांवरची मेणाची टोपणे कापणे, मध काढायचे मधयंत्र चालवणे, माश्यांना साखरेचा पाक घालणे. मधाने भरलेली मोठी मधकोठी (पेटीवर मधासाठी चढवलेला मजला) तीस किलोच्या वर जाते, त्यामुळे कंबर हे इथले पहिले हत्यार.

दुसरे, परागीभवन सेवा. फळबागा, तेलबिया आणि बीजोत्पादनाच्या पिकांत फुलोऱ्याच्या काळापुरत्या वसाहती (राणी आणि तिच्या माश्या असलेल्या पेट्या) भाड्याने ठेवायच्या. इथे मध दुय्यम. शेतकरी पैसे देतो ते माश्यांच्या संख्येचे. तिसरे, राणी आणि वसाहती तयार करून विकणे. यात भांडवल कमी लागते आणि कौशल्य सर्वात जास्त, म्हणून दोन-तीन वर्षांच्या अनुभवाआधी याच्या वाटेला जाऊ नका. चौथे, मध, मेण, पराग, प्रोपोलिस (माश्या झाडांवरून आणतात तो चिकट डिंक) यांची विक्री आणि प्रक्रिया. पाचवे, पेट्या, चौकटी, मेणपत्रे (पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत बसवायचे मेणाचे पत्रे) बनवणे. सुतारकाम येणाऱ्याला हे माश्यांपेक्षा सोपे जाते. सहावे, प्रशिक्षक, रोगपाहणी करणारा निरीक्षक, मधाच्या प्रयोगशाळेतला सहायक. यांना शिक्षणाची अट असते, पण हाताने पेटी उघडलेली असेल तर उमेदवार वेगळा उठून दिसतो.

आमचे मत स्पष्ट आहे: फक्त मधावर उभा केलेला धंदा एका लांबलेल्या पावसात बसतो. मध आणि परागीभवन, किंवा मध आणि वसाहत विक्री, असे निदान दोन पाय हवेत.

*तपासा:* पहिल्या हंगामात विकायचे काय आणि घेणारा कोण, हे एका वाक्यात लिहिता येते का? येत नसेल तर पुढे छंद म्हणून जा. पेट्या दोनच ठेवा.

टप्पा २. अंगाला डंख सोसतो का ते पाहा

हा प्रश्न पैसे गुंतवल्यावर सुटणे वाईट. डंखाच्या जागी सूज, खाज, लाली येणे, आणि ते दोन-तीन दिवस राहणे, ही नेहमीची प्रतिक्रिया. अंगभर गांधी उठणे, ओठ-घसा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे किंवा उलट्या होणे ही धोक्याची लक्षणे. तेव्हा थांबायचे नाही, तडक रुग्णालयात जायचे. अशा वेळी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन मिनिटांच्या हिशोबाने द्यावे लागते. पूर्वी कधी असे झाले असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पेटीजवळ जाऊ नका.

कामकरी माशीची नांगी टोकेरी काट्यांची असते. ती कातडीत अडकून तुटते आणि विषाची पिशवी काही काळ विष ढकलत राहते. म्हणून नांगी नखाने खरवडायची की चिमटीने उपटायची या वादात वेळ घालवू नका. लगेच निघाली म्हणजे झाले. डंखाच्या जागेवर सुटणारा इशारागंध पिकलेल्या केळ्यासारखा येतो आणि बाकीच्या माश्यांना तिथेच बोलावतो. त्या जागेवर लगेच धूर मारा. (केळे खाऊन पेटी उघडायला जाऊ नका, ही थट्टा नाही.)

> सावधान: पहिले पूर्ण वर्ष एकट्याने पेटी उघडू नका. सोबतचा माणूस माश्यांतला जाणकार नसला तरी चालेल, पण त्याला गाडी चालवता आली पाहिजे.

टप्पा ३. वर्षभराच्या फुलोऱ्याची नोंद करा

माश्या साधारण दोन-तीन किलोमीटरच्या परिघात चरतात. दोन किलोमीटरची त्रिज्या धरली तरी ते साडेबारा चौरस किलोमीटर होतात, तीनची धरली तर अठ्ठावीस. एवढ्या मोठ्या कुरणाचे मालक तुम्ही नसता, म्हणून ते पाहून ठेवावे लागते.

नोंद अशी करा:

१. वहीत बारा महिन्यांची बारा पाने करा. दर पंधरा दिवसांनी परिघात फिरा आणि कोणते झाड, पीक, वेल, तण फुलले आहे ते लिहा. तणाला विसरू नका. टंचाईत वसाहत तेच जगवते.

२. प्रत्येक फुलापुढे ‘मकरंद’, ‘पराग’ की ‘दोन्ही’ असे लिहा. माश्यांच्या मागच्या पायांवर रंगीत गोळे दिसले तर पराग येतो आहे. मकरंदावर पोळे मधाने भरते, पण अळ्या वाढतात परागावर. नुसता मकरंद असलेली जागा दिसायला श्रीमंत असते आणि तिथल्या वसाहती आक्रसत जातात.

३. सलग तीन आठवडे काहीच फुललेले नाही असे कालखंड लाल शाईने खुणवा. त्या काळात खाऊ घालायचे किंवा पेट्या हलवायच्या. तिसरा मार्ग नाही.

४. परिघात आधीच कुणाच्या पेट्या आहेत का, असल्या तर किती, ते विचारा.

५. कोणत्या पिकावर कोणते कीटकनाशक कधी फवारतात ते शेतकऱ्यांना विचारून लिहा. फुलोऱ्यात, सकाळी फवारणी होत असेल तर जागा बदला. संध्याकाळी, माश्या परतल्यावर फवारणारा शेतकरी असेल तर त्याच्याशी ओळख वाढवा.

पूर्ण वर्ष थांबायला जमत नसेल तर निदान दोन ऋतू पाहा, आणि उरलेल्यांसाठी तिथल्याच गुराख्याला किंवा माळ्याला विचारा. त्यांची माहिती सहसा बरोबर निघते.

टप्पा ४. माशी एक, पेटीचे माप एक

पेटीत पाळता येणाऱ्या मुख्य माश्या दोन: जगभर पाळली जाणारी मेलिफेरा आणि आशियातली सातेरी. आग्या आणि फुलोरी माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत राहत नाहीत, त्यामुळे ‘आग्याची पेटी’ विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. मेलिफेरा मध जास्त देते, पण तिला मोठा फुलोरा, खाऊ आणि अंगाला चिकटणाऱ्या व्हरोआ गोचिडीवर सतत लक्ष लागते. सातेरी विखुरलेल्या रानफुलोऱ्यावर निभावते. मात्र उपासमार किंवा त्रास झाला तर ती अख्खी वसाहत घेऊन उठून जाते. परिघातला फुलोरा पाहून निवड करा.

सुट्या चौकटींची पेटी अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ मध्ये पेटंट केली. तिचे सगळे गणित एका फटीवर आहे: चौकटींच्या मधे आणि भोवती ६ ते ९ मिलिमीटर जागा. त्याहून कमी असेल तर माश्या ती प्रोपोलिसने चिकटवून टाकतात, जास्त असेल तर तिथे वेडेवाकडे पोळे बांधतात. सातेरीसाठी ही फट आणखी थोडी कमी ठेवतात. स्वस्तात मिळालेल्या, ओल्या लाकडाच्या पेट्या पहिल्या उन्हाळ्यात वाकल्या की हे माप जाते आणि चौकट उचलताना राणी चिरडते. मेणपत्र्याचेही तसेच. मेलिफेराचा पत्रा सुमारे ५.४ मिलिमीटर घरांचा असतो. तोच सातेरीला दिला तर ती त्यावर नरांची घरे ओढते किंवा पत्रा कुरतडते.

पहिल्या वर्षी लागणारे सामान एवढेच: तोंडाची जाळी, हलक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, धूरयंत्र, चौकट उचकटायची पटाशी, मऊ ब्रश, पाक घालायचे भांडे, राणीला मधकोठीत जाऊ न देणारी राणीरोधक जाळी, माश्यांच्या दोन पेट्या आणि एक रिकामी. मधयंत्र पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. दोन पेट्यांचा मध काढायला ते भाड्याने किंवा उसने मिळते.

टप्पा ५. एक हंगाम दुसऱ्याच्या पेट्यांवर

तीन दिवसांच्या वर्गात पेटीची ओळख होते. माशीची होत नाही. जवळच्या मधपाळाकडे फुलोऱ्याच्या सुरुवातीपासून मध काढून होईपर्यंत, आठवड्यातून एक दिवस तरी जा. पैसे मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी जा. नोकरी शोधणाऱ्याची पहिली शिफारसही इथेच तयार होते.

*तपासा:* खालील पाच गोष्टी कुणाच्या मदतीशिवाय जमल्या तरच वसाहत विकत घ्या.

- घराच्या तळाशी उभे असलेले, भाताच्या लहान कणासारखे अंडे दिसते. (ऊन खांद्यावरून चौकटीत पडेल असे उभे राहा. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर जाळीखाली चष्मा लावा; पुष्कळांना ‘राणी नाही’ असे वाटते ते यामुळे.)
- कामकरी आणि नर यांची बंद घरे वेगळी ओळखता येतात. नराचे टोपण घुमटासारखे वर आलेले असते.
- बंद मध आणि बंद पिलावा यांत फरक कळतो. पिलावा म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष.
- राणीकोष (नवी राणी वाढते ते लांबट घर) दिसल्यावर तो थव्याचा, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन निघून जाण्याच्या तयारीचा, की राणी बदलण्याचा, याचा अंदाज येतो.
- धूरयंत्र अर्धा तास न विझता चालवता येते.

टप्पा ६. जागा तयार करा, मग माश्या आणा

पेटीचे तोंड शक्यतो पूर्वेला किंवा आग्नेयेला, सकाळचे ऊन लवकर पडेल असे. दुपारी सावली, मागून वाऱ्याला आडोसा. स्टँड ३० ते ४५ सेंटिमीटर उंच, आणि त्याचे पाय पाणी किंवा जळके तेल भरलेल्या वाट्यांत. मुंग्यांची रांग एका रात्रीत कमजोर वसाहत संपवते, आणि वाटीतले पाणी सुकले हे सहसा दुसऱ्या दिवशी कळते. गवताचे एक पाते पेटीला टेकले तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. पेटी पुढे किंचित कललेली ठेवा म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. डाव्या-उजव्या बाजूंनी मात्र ती अगदी समपातळीत हवी, नाहीतर पोळी चौकटीत सरळ उतरत नाहीत.

पाणी वसाहत येण्याआधीच ठेवा. उथळ भांडे, त्यात खडे किंवा काड्या. एकदा शेजाऱ्याच्या टाकीवर जायची सवय लागली की ती मोडत नाही, आणि शेजाऱ्याशी भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा डंखापेक्षा पाण्यावरून होते.

तोंडासमोर तीन-चार मीटर मोकळी जागा सोडा. रस्ता, गोठा, शाळेची वाट यांपासून दूर. वस्तीत जागा असेल तर पुढे दोन मीटर उंच कुंपण किंवा जाळी लावा. माश्या त्यावरून उडतात आणि माणसांच्या डोक्याच्या उंचीवर राहत नाहीत.

टप्पा ७. वसाहत विकत घेताना

एक नको, दोन घ्या. एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन ती वाचवता येते. शिवाय बिघाड कसा दिसतो हे कळायला बाजूला निरोगी वसाहत असावी लागते.

वेळ मधहंगामाच्या सहा ते आठ आठवडे आधीची. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला मेलिफेरात २१ दिवस लागतात, आणि ती चरायला निघते आणखी सुमारे तीन आठवड्यांनी. म्हणजे आज घातलेले अंडे फुलावर जाईल ते सहा आठवड्यांनी. फुले दिसल्यावर वसाहत आणणाऱ्याचा हंगाम असा वाया जातो.

सौदा दिवसा, पेटी उघडून करा:

१. चार-पाच चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात.

२. निदान तीन चौकटींत पिलावा, आणि त्यात अंडी, उघड्या अळ्या, बंद कोष हे तिन्ही. नुसते बंद कोष असतील तर राणी आठवड्यापूर्वीच गेलेली असू शकते.

३. बंद पिलाव्याची टोपणे सलग, किंचित फुगीर. मधेमधे रिकामी घरे, खचलेली किंवा भोके पडलेली टोपणे दिसली तर चौकट खाली ठेवा आणि हात धुऊन निघा.

४. राणी डोळ्यांनी पाहा. पाठीवर रंगाचा ठिपका असेल तर वय कळते. आंतरराष्ट्रीय रिवाज असा: इसवी सनाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा. दोन वर्षांवरची राणी घेऊ नका.

५. मध आणि परागाचीही निदान एक चौकट हवी.

नेआण संध्याकाळनंतर, सगळ्या माश्या परतल्यावर. तोंड जाळीने बंद करा, फडक्याने किंवा लाकडाने नाही. बंद पेटीत घाबरलेल्या माश्या इतकी उष्णता करतात की मेण वितळते आणि वसाहत गुदमरते. गाडीत चौकटी प्रवासाच्या दिशेला समांतर ठेवा, म्हणजे ब्रेक लागल्यावर पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. जागेवर पोचल्यावर अर्धा तास शांत राहू द्या, मग तोंड उघडा आणि चार दिवस पेटीला हात लावू नका.

> सावधान: आधीच्या जागेपासून नवी जागा पाच किलोमीटरपेक्षा जवळ असेल तर चरणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात. थोड्या अंतरावर न्यायचेच असेल तर आधी दूर नेऊन तीन आठवडे ठेवा, मग आणा. किंवा रोज फूट-दोन फूट सरकवा.

टप्पा ८. पेटी उघडणे

पुष्कळ राण्या इथे मरतात, आणि मारणारा हात मालकाचाच असतो.

उघडण्यापूर्वी स्वतःला प्रश्न विचारा: आज नेमके काय पाहायचे आहे? अंडी? जागा? मध? उत्तर नसेल तर उघडू नका. पिलाव्याभोवती ३४-३५ अंश सेल्सिअस तापमान राखायला माश्या राबत असतात; तुमचे कुतूहल त्यांना तासाभराचे काम लावते.

१. ऊबदार, वारा नसलेला दिवस, सकाळी दहा ते दुपारच्या आत. चरणाऱ्या माश्या तेव्हा बाहेर असतात.

२. धूरयंत्रात सुके गवत, गोणपाट किंवा नारळाची शेंडी पेटवा, आणि वरून थोडे हिरवे गवत दाबा. धूर हातावर घेऊन पाहा. थंड आणि पांढरा हवा. गरम निळसर धूर किंवा ठिणग्या आल्या तर माश्या बिथरतात.

३. बाजूने या, तोंडासमोर उभे राहू नका. तोंडावर दोन-तीन फुंका मारा आणि एक मिनिट थांबा. नवा माणूस हे मिनिट थांबत नाही, आणि मग धूर चालत नाही अशी तक्रार करतो.

४. झाकण उचला, वरून एक फुंक मारा. कडेची चौकट पटाशीने सैल करून आधी काढा आणि बाहेर पेटीला टेकून ठेवा. आता आत एका चौकटीची जागा मोकळी झाली. मधली चौकट आधी ओढली तर दोन्ही बाजूंची पोळी घासतात आणि राणी मधे सापडते.

५. पुढच्या चौकटी एकेक करून रिकाम्या जागेकडे सरकवा, मग सरळ वर उचला. पाहताना चौकट पेटीच्या वरच धरा, म्हणजे राणी पडली तर आत पडेल. नवे पोळे आडवे करू नका. मऊ मेण वजनाने तुटते.

६. ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने चौकटी होत्या तशाच ठेवा. पिलाव्याच्या मधे रिकामी चौकट घालायचा मोह फुलोरा जोरात नसेल तर आवरा. पिलावा थंड पडतो.

७. सगळे आठ-दहा मिनिटांत आटपा आणि लगेच, पेटीजवळच उभे राहून लिहा: तारीख, अंडी दिसली का, पिलाव्याच्या चौकटी किती, मध-पराग किती, राणीकोष आहेत का, काय केले.

दर वेळी राणी शोधायची गरज नाही. अंडी तीन दिवस अंड्यांच्याच रूपात राहतात. ती दिसली म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी हजर होती. तेवढे पुरते.

टप्पा ९. पहिल्या हंगामातल्या चार अडचणी

*उपासमार.* वाढीच्या काळात साखर आणि पाणी वजनाने १:१, साठा भरायचा असेल तर २:१. साखर पांढरीच. गूळ आणि तपकिरी साखर माश्यांना पचत नाही, हगवण लागते. दुकानातला किंवा अनोळखी पेटीतला मध कधीही घालू नका. अळ्या सडवणाऱ्या फाउलब्रूड रोगाचे बीजाणू त्यातून येतात आणि ते कित्येक दशके जिवंत राहतात. पाक संध्याकाळी, पेटीच्या आत, न सांडता द्या. दिवसा सांडलेला पाक शेजारच्या वसाहतींना लुटीचे आमंत्रण देतो. लूट सुरू झाली तर तोंड एक-दोन माश्या जातील एवढे लहान करा आणि पेटी मुळीच उघडू नका. मधकोठी चढवल्यावर पाक बंद, नाहीतर तुम्ही साखरच काढणार आहात.

*थवा.* दहापैकी आठ चौकटी माश्यांनी भरल्या की जागा वाढवा. फुलोऱ्यात दर सात-नऊ दिवसांनी चौकटींच्या खालच्या कडा पाहा. तिथे सात-आठ किंवा जास्त राणीकोष लटकत असतील तर ती थव्याची तयारी. मध्यावर एक-दोनच असतील तर माश्या राणी बदलत आहेत, तिथे ढवळाढवळ नको. सात-नऊ दिवस का? राणीकोष साधारण आठव्या दिवशी बंद होतो, आणि जुनी राणी थवा घेऊन त्याच सुमारास निघते. पंधरा दिवसांनी पाहणाऱ्याला अर्धी रिकामी पेटी मिळते. फक्त कोष मोडून भागत नाही. माश्या पुन्हा बांधतात. वसाहतीचे विभाजन करा: जुनी राणी, दोन चौकटी पिलावा आणि एक चौकट मध-पराग रिकाम्या पेटीत न्या, आणि जुन्या पेटीत एक-दोन चांगले कोष ठेवून बाकीचे काढा. त्यासाठीच तिसरी पेटी घ्यायला सांगितली होती.

*राणी हरवणे.* अंडी दिसत नाहीत म्हणून घाईने नवी राणी आणू नका. दुसऱ्या पेटीतली अंड्यांची एक चौकट, माश्या झटकून, संशयित पेटीत द्या. चार-पाच दिवसांत त्यावर राणीकोष सुरू झाले तर राणी खरोखर नाही. झाले नाहीत तर ती आत आहे, कदाचित अजून कोवळी. अंड्यापासून राणी निघायला १६ दिवस, मग मिलन, मग अंडी, असा सगळा मिळून महिना धरा. एका घरात दोन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, आणि सगळीकडे नरांची घुमटाची घरे दिसली तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. अशी वसाहत नव्याने सुधारता येत नाही. माश्या मजबूत वसाहतीत मिसळून टाका.

*गोचिडी आणि रोग.* मेलिफेरा पाळणाऱ्याने व्हरोआ गोचिडी महिन्यातून एकदा मोजायची, अंदाज करायचा नाही. पिलाव्याच्या चौकटीवरच्या अर्धा कप माश्या (सुमारे ३००) जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. राणी त्यात नाही याची खात्री आधी करा. दोन चमचे पिठीसाखर टाकून मिनिटभर घोळवा, दोन मिनिटे ठेवा, मग पांढऱ्या ताटावर हलवा. नऊ गोचिडी म्हणजे तीन टक्के. तिथून उपचार सुरू करा. उपचार कोणता ते पिलाव्यावर ठरते. ऑक्झॅलिक आम्ल बंद टोपणांच्या आत शिरत नाही, म्हणून पिलावा भरपूर असताना ते घालून उपयोग थोडा. सातेरी या गोचिडीची मूळ यजमान असल्याने तिचा त्रास सोसते. तिला धोका सॅकब्रूड विषाणूचा: अळी बंद होण्याच्या सुमारास पाण्याच्या पिशवीसारखी होऊन टोक वर करून मरते.

खचलेल्या टोपणात आगकाडी घालून हळू बाहेर ओढा. तपकिरी तार दोन-तीन सेंटिमीटर ताणली गेली तर अमेरिकन फाउलब्रूडचा संशय पक्का. त्या पेटीतले काहीही दुसऱ्या पेटीत न नेता अधिकृत निरीक्षकाला कळवा.

टप्पा १०. मध काढणे

तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झालेली चौकटच काढा. शंका असेल तर चौकट आडवी धरून झटका; थेंब उडाले तर मध कच्चा आहे. ओलावा मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर या धंद्यातली सर्वात उपयोगी छोटी वस्तू. १८ टक्के उत्तम, २० च्या वर आंबण्याचा धोका. पिलावा असलेली चौकट मधयंत्रात घालू नका. अळ्या मधात मिसळतात. मध काढायची खोली बंद आणि कोरडी हवी, कारण मध हवेतला ओलावा ओढतो. गाळून एक-दोन दिवस उंच भांड्यात ठेवा, फेस वर आला की काढा. ४० अंशांच्या वर तापवू नका. बरणीवर ‘एक वर्षाखालील बाळाला देऊ नये’ हे लिहा; त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बोटुलिझम होऊ शकतो.

पेटीच्या खालच्या, पिलाव्याच्या मजल्यातला मध माश्यांचा. लाल शाईने खुणवलेले आठवडे आठवा.

टप्पा ११. वाढ, काम मागणे, करार

दोनवरून पाच-सहा, मग वीस. प्रत्येक पायरीवर एक पूर्ण वर्ष, टंचाईसकट. वीस पेट्यांची पाहणी हे चार तासांचे काम आहे, पण पाक, दुरुस्ती, वाहतूक धरून दिवस जातो. हातातली नोकरी सोडायचा विचार सलग दोन टंचाईचे काळ वसाहती न गमावता पार पडल्यावर करा.

नोकरीसाठी जाताना प्रमाणपत्रासोबत नोंदवही न्या. मोठ्या मधुबनाचा मालक तीन गोष्टी पाहतो: चौकट कशी धरता, न विचारता काय लिहिता, आणि रात्री दोनला गाडी भरायला उभे राहता का. गाडी चालवण्याचा परवाना असेल तर तो पहिल्या ओळीत लिहा. डंखाची काही तीव्र प्रतिक्रिया पूर्वी आली असेल तर लपवू नका.

परागीभवनाचा करार लेखी करा. त्यात पेट्यांची संख्या, प्रत्येकीत माश्यांनी झाकलेल्या निदान किती चौकटी, आणण्याचा आणि नेण्याचा दिवस, फवारणीआधी किती तास कळवायचे आणि नुकसान झाले तर कोण भरणार, एवढे हवेच. पेट्या पिकाची पाच-दहा टक्के फुले उमलल्यावर आणा. त्याआधी आणल्या तर माश्या बांधावरच्या दुसऱ्या फुलांना लागतात आणि मग पीक फुलले तरी तिकडेच जात राहतात.

दुसऱ्याच्या मधुबनात कामाला जाताना जाळी स्वतःची न्या, पण हातमोजे आणि पटाशी तिथली वापरा. परत आल्यावर कपडे धुवा, बुटांचे तळ घासा, आणि ते होईपर्यंत स्वतःच्या पेट्यांकडे फिरकू नका.